मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट पाहू नये

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला मोतीबिंदू झाल्याचे कळले, की पहिला प्रश्न हमखास एकच असतो : ‘पिकलाय का?’ उत्तर नकारार्थी आले की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि विषय मागे पडतो. ‘पिकला की काढू’ हा सल्ला शेजारी देतात, नातेवाईक देतात आणि ज्यांची शस्त्रक्रिया फार पूर्वी झाली आहे ते तर अधिकारवाणीने देतात. हाच सल्ला मी माझ्या आईला चार वर्षे दिला आणि त्यापायी तिचा उजवा डोळा गेला. हा सल्ला कालबाह्य तर आहेच, पण धोक्याचाही आहे, हे आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. आईच्या आजारपणापासून आजवर नेत्रतज्ज्ञांना खोदून खोदून जे विचारले आणि वाचून जे समजून घेतले, तेवढेच मांडते.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर वाढलेला पापुद्रा किंवा साय आहे, अशी समजूत अजूनही सर्रास आढळते. प्रत्यक्षात बाहुलीच्या मागे, दोन्ही बाजूंनी फुगीर असे एक पारदर्शक भिंग असते आणि गढूळ होते ते हे भिंग. त्यात पाणी आणि क्रिस्टॅलिन नावाची प्रथिने असतात. ती इतकी दाट आणि नीटस रचलेली असतात, की प्रकाश न अडखळता आरपार जातो. या भिंगाला रक्तवाहिन्या नसतात. त्वचेच्या पेशी झडून नव्या येतात, तसे इथे घडत नाही. नवे थर बाहेरून चढत जातात आणि जुने थर आत दाबले जातात, त्यामुळे गाभ्यातली प्रथिने आपल्या जन्माच्याही आधीची असतात आणि ती आयुष्यभर तशीच पुरवावी लागतात. वयोमानाने त्यांच्या गुठळ्या होऊ लागल्या, की प्रकाश विखुरतो आणि दिसणे धूसर होते. वय हे मुख्य कारण. पण मधुमेह, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड, धूम्रपान, उन्हातले अतिनील किरण आणि डोळ्याला झालेली इजा यांनीही मोतीबिंदू लवकर येतो. जास्त वाचल्याने तो होत नाही आणि एका डोळ्यातून दुसऱ्यात पसरतही नाही. भिंगच आतून गढूळ झालेले असल्यामुळे ते वरून पुसता येत नाही, आणि ते पुन्हा स्वच्छ करू शकेल असे सिद्ध झालेले कोणतेही थेंब, गोळी किंवा व्यायाम आज उपलब्ध नाहीत. गढूळ भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवणे हाच त्यावरचा उपचार आहे.

आपला हा गोंधळ मला वाटते शब्दापासूनच सुरू होतो. ‘मोतीबिंदू’ हे नाव सुंदर आहे, पण ते वर्णन आहे आजाराच्या शेवटच्या अवस्थेचे. भिंग पूर्ण गढूळ झाले, की काळ्याभोर बाहुलीच्या जागी मोत्यासारखा पांढरा ठिपका बाहेरून साध्या डोळ्यांनी दिसतो. त्यावरून ते नाव पडले असावे. त्यामुळे नकळत आपली अपेक्षाही तशीच घडते. मोती दिसेपर्यंत मोतीबिंदू ‘कच्चा’ आहे, असे आपण धरून चालतो. ज्याच्या डोळ्यात तो असतो, त्याला मात्र बाहेरून काहीही दिसू लागण्याच्या कितीतरी वर्षे आधी त्रास सुरू झालेला असतो.

आईचेच उदाहरण देते. अडुसष्टाव्या वर्षी तिने एके दिवशी वाचनाचा चष्मा काढून ठेवला आणि वर्तमानपत्रातला बारीक मजकूर घडाघडा वाचून दाखवला. नजर परत आली, म्हणून आम्ही तिचे कौतुक केले. पुढे कळले, की ते मोतीबिंदूचेच लक्षण होते. भिंगाचा गाभा घट्ट होऊ लागला, की त्याची शक्ती वाढते, डोळा लघुदृष्टीकडे झुकतो आणि काही काळ जवळचे चष्म्याविना दिसते. लांबचे मात्र पुसट होत जाते. उतारवयात अचानक चष्मा सुटला, तर आनंद मानण्याआधी डोळे तपासून घ्यावेत, हे मी आता प्रत्येकाला आवर्जून सांगते. दोनएक वर्षांत तिला समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांभोवती वलये दिसू लागली. जिन्याची शेवटची पायरी चुकू लागली. पेल्यात पाणी ओतताना ती एक बोट पेल्याच्या काठाच्या आत धरायची. पाणी बोटाला लागले की थांबायची. मी ते रोज पाहत होते आणि तिची सवय समजून सोडून देत होते.

नेत्रतज्ज्ञांनी तेव्हाच सांगितले होते, की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि तुम्हाला अडचण होत असेल तर शस्त्रक्रिया करता येईल. ‘अजून पिकला नाही ना, मग घाई कशाला,’ असे म्हणणारी मीच होते. चार वर्षांनी एका रात्री तिचा उजवा डोळा ठणकू लागला, लाल झाला, डोके फुटेल असे दुखू लागले आणि उलट्या सुरू झाल्या. आम्ही ते पित्त समजलो, वेदनाशामक गोळी दिली आणि दोन दिवस घालवले. रुग्णालयात गेल्यावर कळले, की पूर्ण पिकलेले भिंग पाणी शोषून फुगले होते, त्याने पुढचा रंगीत पडदा पुढे ढकलला होता आणि डोळ्यातले पाणी बाहेर वाहून नेणारी वाटच बंद झाली होती. डोळ्याचा दाब सर्वसाधारणपणे १० ते २१ मिलिमीटर पारा इतका असतो. तिचा ५०च्या वर गेला होता. औषधांनी दाब उतरवला, भिंगही काढले. पण तोवर डोळ्याची नस दबून कायमची खराब झाली होती. त्या डोळ्याला आज फक्त हललेला हात कळतो.

मोतीबिंदू आणि काचबिंदू या दोन नावांची गल्लत पुष्कळ जण करतात, म्हणून इथे थोडे थांबते. मोतीबिंदूत भिंग गढूळ होते आणि ते बदलले की दृष्टी परत येऊ शकते. काचबिंदूत मेंदूकडे जाणारी नस निकामी होते आणि गेलेली दृष्टी कोणत्याही शस्त्रक्रियेने परत मिळत नाही. आईच्या बाबतीत बऱ्या होणाऱ्या आजाराने बऱ्या न होणाऱ्या आजाराला जन्म दिला. अतिपक्व भिंगातली प्रथिने पाझरून डोळ्यात सूज येणे आणि त्यामुळेही दाब वाढणे, हा दुसरा असाच प्रकार आहे. असे प्रत्येकाला होत नाही. पण ज्यांना होते, त्यांच्यात वाट पाहत राहिलेलेच अधिक असतात.

पिकण्याची वाट पाहणे ही आपल्या आजीआजोबांची निव्वळ अंधश्रद्धा होती, असे मात्र मी म्हणणार नाही. त्यांच्या काळी तो शहाणपणाचा सल्ला होता. सुश्रुताने वर्णन केलेल्या पद्धतीत गढूळ भिंग सुईने दृष्टीच्या वाटेतून बाजूला सारले जाई. डोळा उघडून भिंग बाहेर काढण्याची पद्धत फ्रेंच शल्यविशारद झाक दाव्हिएल यांनी अठराव्या शतकात, १७४७ साली रूढ केली. भिंग कच्चे असेल तर त्याचा मऊ, चिकट भाग आत राहून जाई आणि सूज आणी. पिकलेले भिंग तुलनेने स्वच्छ निघे. पुढेही कितीतरी काळ डोळ्याला मोठा छेद घ्यावा लागे, टाके पडत आणि रुग्णाला डोके न हलवता दिवसच्या दिवस पडून राहावे लागे. एवढे सोसून डोळ्यात भिंगच उरत नसल्यामुळे फार जाड काचांचा चष्मा लागे; त्यातून वस्तू सुमारे पाव पटीने मोठ्या दिसत, कडेचे दिसत नसे आणि पाऊल कुठे पडते याचा अंदाज चुके. एका डोळ्याला बरे दिसत असताना दुसऱ्याची शस्त्रक्रिया करणे तर अडचणीचेच होते, कारण दोन डोळ्यांना दोन आकारांची चित्रे दिसत. अशा परिस्थितीत जवळजवळ काहीच दिसेनासे होईपर्यंत थांबणे योग्य होते.

परिस्थिती बदलली ती दोन माणसांमुळे. इंग्लंडमधले नेत्रतज्ज्ञ हॅरल्ड रिडली यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी वैमानिकांचे डोळे तपासले होते. विमानाच्या फुटलेल्या छताचे पारदर्शक प्लास्टिकचे कण काहींच्या डोळ्यांत रुतून बसले होते आणि तरीही डोळ्याने त्यांच्याविरुद्ध प्रतिक्रिया दिलेली नव्हती. त्याच जातीच्या प्लास्टिकचे भिंग घडवून त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनमध्ये पहिल्यांदा रुग्णाच्या डोळ्यात बसवले. सहव्यावसायिकांकडून त्यांना वर्षानुवर्षे विरोध सहन करावा लागला. आज जाड भिंगांचे ते चष्मे जवळजवळ दिसेनासे झाले आहेत, ते त्यांच्यामुळे. दुसरे अमेरिकेतले चार्ल्स केल्मन. दंतवैद्य दात साफ करण्यासाठी ध्वनिलहरींवर चालणारे जे उपकरण वापरतात, त्यावरून त्यांना सुचले, की भिंग आतल्या आतच फोडून शोषून घेता येईल. १९६७ साली त्यांनी हे तंत्र वापरात आणले. आपण ज्याला ‘फेको’ म्हणतो ते हेच. छेद आता अडीच मिलिमीटरच्या आसपास असतो, घडी घातलेले भिंग त्यातूनच आत सरकवून उलगडले जाते आणि बहुधा टाकाही लागत नाही. भिंग फार कडक असेल तर सहा-सात मिलिमीटरच्या, आपोआप मिटणाऱ्या छेदातून ते अखंड काढण्याची पद्धतही उत्तम आहे. अनुभवी हातांत तिचे निकाल फेकोच्या तोडीचे असतात.

या बदलाबरोबर पिकण्याचे गणितच उलटे झाले. पूर्वी पिकलेला मोतीबिंदू काढणे सोपे होते. आता तोच अवघड मानला जातो. भिंग जितके कडक, तितकी ते फोडायला जास्त ऊर्जा लागते आणि तिचा ताण डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक आवरणाच्या (कॉर्नियाच्या) आतल्या बाजूला असलेल्या नाजूक पेशींवर पडतो. या पेशी एकदा गेल्या की नव्याने तयार होत नाहीत. भिंग जागच्या जागी धरणारे तंतूही उशिरापर्यंत थांबल्यास कमकुवत झालेले असू शकतात. शिवाय पांढऱ्या भिंगामागचा, डोळ्याच्या तळाचा पडदा (रेटिना) डॉक्टरांना दिसतच नाही, त्यामुळे मधुमेहासारख्या आजाराने पडद्यावर काय परिणाम केला आहे, हे शस्त्रक्रियेआधी नीट कळू शकत नाही.

मग शस्त्रक्रिया कधी करावी? याचे उत्तर भिंगाच्या रंगात शोधण्यापेक्षा माणसाच्या दिवसात शोधावे. औषधाच्या पाकिटावरचे नाव वाचता येते का, रात्री वाहन चालवताना समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात का, पायरी चुकते का, समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखू येतो का, चष्म्याचा नंबर बदलूनही फरक पडत नाही का, हे विचारावे. ज्येष्ठांनी स्वतःहून तक्रार करण्याची वाट पाहू नये. दृष्टी इतकी हळूहळू जाते की आपल्याला कमी दिसते हे त्यांनाही कळत नाही, आणि कळले तरी मुलांना त्रास नको म्हणून ते सांगत नाहीत. याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. तपासणीत मोतीबिंदूची सुरुवात दिसली, पण दिसण्याची काहीच अडचण नाही, तर घाईने शस्त्रक्रिया करून घेण्याचे कारण नसते. नियमित तपासणी पुरते. दुखणे, लाली किंवा वाढलेला दाब नसलेल्या साध्या मोतीबिंदूसाठी कोणी उद्याच शस्त्रक्रिया करा असा आग्रह धरला, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यात संकोच बाळगू नये.

ठरल्यानंतर दोन गोष्टींकडे बारकाईने लक्ष द्यावे. एक म्हणजे डोळ्याचे माप. डोळ्याची लांबी सरासरी साडेतेवीस मिलिमीटर असते आणि बसवायच्या भिंगाची शक्ती त्यावरून ठरते. मापात एका मिलिमीटरची चूक झाली, तर चष्म्याचा नंबर अडीच ते तीनने चुकतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी मोजणीआधी ती किती दिवस बंद ठेवायची, हे म्हणूनच विचारून घ्यावे. दुसरी गोष्ट औषधांची यादी. पुरुषांना प्रोस्टेटच्या त्रासासाठी टॅमसुलोसिन हे औषध अनेकदा दिलेले असते. त्यामुळे बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा लुळा पडतो आणि शस्त्रक्रियेत मध्ये मध्ये येतो. आधी ठाऊक असेल तर शल्यविशारद त्याची तयारी ठेवतात, म्हणून हे औषध काही वर्षांपूर्वी बंद केलेले असले तरी सांगावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र कोणी आपल्या मनाने थांबवू नयेत.

कोणते भिंग बसवावे, यावर घराघरांत फार खल होतो. एका अंतरासाठीचे साधे भिंग बहुतेकांना उत्तम दृष्टी देते. लांबचे चांगले दिसते, वाचायला चष्मा लागतो. अनेक अंतरांसाठीच्या भिंगाने चष्म्याची गरज कमी होते, पण काहींना रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात आणि पडद्याचा आजार असलेल्यांना ते सहसा सुचवले जात नाही. महागडे भिंग म्हणजे चांगली नजर, असे समीकरण मांडू नये. आपल्या कामाला काय लागते, ते डॉक्टरांना सांगून मग ठरवावे.

माझ्या स्वतःच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, तेव्हा मी पिकण्याची वाट पाहिली नाही. शस्त्रक्रियेची भीती अनेकांना थांबवते, म्हणून तो अनुभव लिहिते. इंजेक्शन नव्हते, डोळा बधिर करणारे थेंब होते. चेहऱ्यावर कापड होते, वर प्रखर दिवा होता आणि त्याच्याकडेच पाहत राहा, असे सांगितले होते. थोड्या वेळाने दिव्याचा आकार विरघळला आणि गुलाबी, निळे, सोनेरी रंग एकमेकांत मिसळत राहिले. यंत्राचा सूर चढत-उतरत होता, गालावर गार पाणी ओघळत होते. दुखले नाही, किंचित दाब जाणवला. पंधरा-वीस मिनिटांत मला उठवून बसवले.

त्यानंतरचे काही आठवडे मात्र शिस्तीचे असतात. थेंब घालण्याआधी हात साबणाने धुवावेत, बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नये, डोळा चोळू नये. पहिल्या काही दिवसांत दिवसागणिक बरे वाटायला हवे. त्याऐवजी दुखणे वाढले, लाली वाढली किंवा आलेली नजर पुन्हा मंदावली, तर सकाळ होण्याची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे. डोळ्याच्या आतला जंतुसंसर्ग क्वचितच होतो, पण झाला तर एकेक तास मोलाचा असतो. डोळ्यासमोर विजेसारखी चमक, अचानक वाढलेले काळे ठिपके किंवा कडेने सरकणारा पडदा दिसला, तरीही तितकीच तातडी करावी. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागले, की लोक म्हणतात, मोतीबिंदू परत आला. काढलेले भिंग परत येत नाही. नवे भिंग ज्या पिशवीत ठेवलेले असते, तिची मागची बाजू गढूळ झालेली असते. लेझरने तिथे छोटी खिडकी पाडली, की काही मिनिटांत काम होते. ‘लेझरने मोतीबिंदू काढला’ असे जे ऐकू येते, त्यातले बरेचसे या उपचाराबद्दलच असते.

लहान बाळांबद्दल एक वाक्य तरी लिहिलेच पाहिजे, कारण मोतीबिंदू हा फक्त म्हातारपणाचा आजार आहे, या समजापायी त्यांचे सर्वांत जास्त नुकसान होते. बाळाची बाहुली पांढरट वाटली, किंवा फ्लॅशने काढलेल्या फोटोत एका डोळ्यात लालसर ऐवजी पांढरी चमक दिसली, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे जावे; ही चमक मोतीबिंदूखेरीज आणखी गंभीर आजाराचीही असू शकते. जन्मजात दाट मोतीबिंदू पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत काढला नाही, तर मेंदू त्या डोळ्याने पाहायला शिकतच नाही आणि नंतर केलेली शस्त्रक्रिया पुरेशी ठरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात ९ कोटी ४० लाख लोकांची दृष्टी मोतीबिंदूमुळे अधू झालेली किंवा गेलेली आहे. त्यातल्या अनेकांपर्यंत उपचार पोहोचलेले नाहीत, हे खरे आहे. पण ज्यांच्या दाराशी ते पोहोचले आहेत आणि तरीही जे ‘पिकू दे’ म्हणून थांबले आहेत, अशांसाठी मी आज लिहीत आहे.

आईच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया नंतर वेळेवर झाली. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, तेव्हा ती समोरच्या भिंतीकडे बराच वेळ पाहत राहिली आणि मला म्हणाली, ‘अगं, ही भिंत पांढरी आहे? मला वाटायचं पिवळी आहे.’ मग तिने माझ्याकडे पाहिले आणि माझे केस कधी पिकले, असे विचारले. आपल्या दैनिकातून मोतीबिंदूविषयी जेव्हा कधी मजकूर किंवा शिबिरांच्या बातम्या प्रसिद्ध होतील, तेव्हा त्यांत ‘मोतीबिंदू पिकल्यावर’ असे शब्द येऊ नयेत, आणि त्याऐवजी ‘दिसण्यात अडचण येऊ लागल्यावर’ असे लिहावे, एवढी विनंती आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक नियमित वाचक